रकाने भरणाऱ्या बाई

जालना शहरात एक तरुण राहत होता. संगणकाचं शिक्षण संपलं होतं, नोकरी अजून लागायची होती. दिवसा तो वडिलांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसायचा आणि रात्री जेवणं आटोपली की मराठी विकिपीडियावर काम करायचा.

कॉलेजात असताना एक कार्यशाळा झाली होती. तिथे त्याला हा नाद लागला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. लोकच तो लिहितात, लोकच तपासतात, आणि कुणालाही त्याचे पैसे मिळत नाहीत. तरुणाला लिहिण्यापेक्षा मांडणीची आवड जास्त. एखादं पान वेडंवाकडं दिसलं की ते सरळ केल्याशिवाय त्याला झोप यायची नाही.

सगळ्यात जास्त त्याच्या डोळ्यांत खुपायची ती आपल्याच जिल्ह्यातल्या गावांची पानं. जिल्हाही योगायोगाने १ मेचाच, १९८१ सालचा. औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांतले तालुके काढून तो केला होता. आता त्यात आठ तालुके होते आणि गावं शेकड्यांनी. विकिपीडियावर त्यातल्या पुष्कळ गावांची पानं होती. प्रत्येक पानावर उजव्या बाजूला एक चौकट असायची. तीत गावाचं नाव, तालुका, लोकसंख्या, क्षेत्रफळ, सरपंच, पिन कोड, अगदी गाड्यांच्या पाटीवरचं एमएच २१ सुद्धा.

चौकट जुनी होती, मोठ्या पडद्यासाठी बनवलेली. मोबाइलवर उघडली की अर्धी बाहेर जायची. निम्मे रकाने रिकामे असायचे, पण त्यांची नावं मात्र एकाखाली एक दिसत राहायची. सरपंचाच्या रकान्यात कधीकाळचं नाव तसंच असायचं.

ही चौकट पानावर यायची ती साच्यातून. साचा एकाच जागी ठेवलेला असतो आणि शेकडो पानं त्याला बोलावून घेतात. त्यात एक ओळ बदलली की सगळ्या पानांवर ती बदलते. पण जुन्या साच्याचा तेवढा उपयोग कुणी करून घेतला नव्हता. जिल्हा ज्यात येतो, त्या औरंगाबाद विभागाचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा तरुणाने पाहिलं, तर विभागाचं नाव प्रत्येक पानावर हाताने लिहिलेलं होतं. ते बदलायचं तर एकेक पान उघडायला हवं होतं.

‘हे तर एका ओळीचं काम आहे,’ तो मनाशी म्हणाला.

त्याच वर्षी जानेवारीत इंग्रजी विकिपीडियाने आपलं रूप पालटलं होतं. ते पाहून त्यालाही हुरूप आला. त्याने नवा साचा करायला घेतला.

विकिपीडियावर सरावासाठी एक जागा असते, तिला धूळपाटी म्हणतात. तिथे काहीही करून पाहावं, कुणाचं नुकसान होत नाही. तरुण रोज रात्री धूळपाटीवर बसू लागला. इंग्रजी विकिपीडियावरचा एक चांगला साचा त्याने पायाला घेतला आणि त्यावर आपलं काम रचलं. होता होता साचा खरोखर देखणा झाला. मोबाइलवर तो नीट बसत होता. विभागाचं नाव आपोआप येत होतं. जो रकाना रिकामा, तो दिसतच नव्हता, त्यामुळे चौकट आटोपशीर वाटत होती. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ दिलं की लोकसंख्येची घनता साचा स्वतःच काढत होता. त्याने जिल्ह्याचे आकडे घालून पाहिले. २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या १९,५९,०४६ आणि क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. साच्याने क्षणात उत्तर दिलं, चौरस किलोमीटरला २५४ माणसं. तरुण खूश झाला.

विकिपीडियावर चर्चेची एक जागा असते, तिला चावडी म्हणतात. तरुणाने नवा साचा चावडीवर मांडला. ‘छान’, ‘उत्तम काम’, ‘पाठिंबा’ असे शेरे आले. एकाने रंग थोडा फिका करायला सांगितला, तो त्याने केला. हरकत कुणीच घेतली नाही. जुन्या पानांवरची माहिती नव्या साच्यात हलवायला त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि १ मेच्या संध्याकाळी नवा साचा लावला. रात्री उशिरापर्यंत तो एकेक गाव उघडून बघत होता. वाटूर बघितलं, सातोना बघितलं, राजूर बघितलं. सगळीकडे चौकट नेटकी दिसत होती.

परतूरला एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची सगळी नोकरी झाली. बदल्या होत गेल्या, तशी बरीच गावं पायाखालून गेली. निवृत्तीनंतर मुलाने पुण्याहून आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि विकिपीडिया उघडून दाखवला. तेव्हापासून बाईंनी एक नेम धरला. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की एका गावाचं काम करायचं.

त्यांच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. तीत गावांच्या नोंदी होत्या. गाव कोणत्या नदीकाठी आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, एकाच नावाच्या दोन गावांतलं खुर्द कोणतं आणि बुद्रुक कोणतं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून त्या लोकसंख्या आणि क्षेत्रफळ उतरवून घ्यायच्या. जे पुस्तिकेत किंवा गॅझेटियरमध्ये सापडेल तेच पानावर चढवायच्या, बाकीचं वहीतच ठेवायच्या.

साचा कसा भरायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या गावाचं भरलेलं पान उघडायचं, त्यातली चौकट उचलायची, नव्या पानावर आणून ठेवायची आणि माहिती बदलायची, अशी त्यांची रीत होती. चावडीवर त्या कधी लिहीत नसत. तिथे जाणत्या लोकांचं काम चालतं, आपण आपलं गाव भरावं, असं त्यांना वाटायचं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बाईंनी नेहमीसारखं शेजारचं पान उघडलं. चौकट बदलली होती. छान दिसत होती. त्यांनी ती उचलून आणली, तर आत रकान्यांची नावं इंग्रजीत. बाई मराठी टंकलेखन चालू ठेवून लिहायच्या. आता त्या चौकटीत नसलेला रकाना घालायचा, तर दर ओळीला कंट्रोल आणि एम दाबून मराठी बंद करायची, रकान्याचं नाव लिहायचं, पुन्हा मराठी चालू करायची. त्यांनी तेही केलं. मग लोकसंख्या लिहिली, २१४६. क्षेत्रफळ पुस्तिकेत हेक्टरमध्ये होतं, ते तसंच लिहिलं, ८७२. झलक पाहायची कळ दाबली.

घनतेच्या जागी लाल अक्षरं आली. काहीतरी त्रुटी असल्याचं लिहिलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला, आकडे पुन्हा ताडून पाहिले. आकडे बरोबर होते. लाल अक्षरं तशीच राहिली. त्यांनी लोकसंख्या खोडली, लाल अक्षरं गेली. पान तसंच जतन केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकसंख्या घातली, पुन्हा लाल. पुन्हा काढली. चार-पाच दिवस असं चाललं. मग एका संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. नंतर तो कपाटात गेला.

मृग निघाला, पाऊस पडला, दुकानात बियाण्यांसाठी गर्दी झाली. तरुणाला पंधरा-वीस दिवस रात्रीचीही उसंत मिळाली नाही. थोडी फुरसत झाल्यावर त्याने ‘अलीकडील बदल’ हे पान उघडलं. जिल्ह्यातल्या गावांच्या पानांवर काहीच हालचाल नव्हती. आधी त्याला बरं वाटलं. साचा बसला, तक्रार नाही.

थोड्या वेळाने मात्र त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. पूर्वी रोज सात ते आठच्या दरम्यान त्या यादीत एक नाव दिसायचं. ते नाव त्याच्या इतकं सवयीचं झालं होतं, की त्याकडे त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. आता ते नाव कुठेच नव्हतं.

त्याने त्या सदस्याचं योगदान उघडलं. शेवटची नोंद मे महिन्यातली होती. त्या पानाचा इतिहास उघडला. विकिपीडियावर कुणी कधी काय बदललं, ते सगळं राहतं. लोकसंख्या घातली, काढली, घातली, काढली. शेवटच्या नोंदीपुढे बदलाचा सारांश लिहिलेला होता: ‘माझ्याकडून काहीतरी चुकते आहे. क्षमस्व.’

तरुणाने धूळपाटी उघडली आणि लोकसंख्या देवनागरी आकड्यांत घालून पाहिली. लाल अक्षरं आली. साच्याला भागाकार येत होता, तो फक्त इंग्रजी आकड्यांचा. जुन्या पानांचे आकडे त्याच्या प्रोग्रॅमने हलवतानाच इंग्रजी करून टाकले होते, म्हणून ती सगळी पानं नीट दिसत होती. नव्याने भरणारा एकच माणूस होता, आणि लाल अक्षरं फक्त त्यालाच दिसली होती.

साचा तो पाच मिनिटांत दुरुस्त करू शकला असता. पण त्याने तसं केलं नाही. आणखी काय काय अडलं असेल, ते आपल्याला इथे बसून कळणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. कार्यशाळेतल्या ओळखीने त्याने बाईंचा पत्ता लावला, फोन करून विचारलं, आणि रविवारी सकाळच्या गाडीने परतूरला गेला.

बाईंनी दार उघडलं. “ये रे बाळा. आधी पाणी घे. एवढ्यासाठी जालन्याहून आलास?”

“बाई, साच्यात माझी चूक होती,” तरुण म्हणाला. “तुमची नव्हती.”

“असं होय,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, माझं वय झालं.”

“तुम्ही चावडीवर लिहायचं होतं, बाई. मी लगेच बघितलं असतं.”

“चावडी वाचली की मी. सगळे छान छान म्हणत होते. म्हटलं, सगळ्यांना जमतंय, मला एकटीलाच जमत नाही. मग त्यात लिहायचं काय?”

तरुण गप्प झाला. चहा झाल्यावर त्याने विनंती केली, “बाई, माझ्यासमोर एक गाव भराल? मी काही बोलणार नाही, नुसता बघतो.”

बाईंनी कपाटातून लॅपटॉप काढला, वही उघडली. तरुण शेजारी खुर्ची घेऊन बसला. बाई एका बोटाने टंकत होत्या. त्याने पाहिलं, की दर ओळीला त्यांना दोनदा कळ बदलावी लागते. त्याने पाहिलं, की पुस्तिकेत हेक्टर आहेत आणि त्याचा साचा चौरस किलोमीटर मागतो. आणि एके ठिकाणी बाई थांबल्या, वर-खाली बघू लागल्या.

न राहवून त्याने विचारलं, “काय शोधताय?”

“अरे, रिकामे रकाने कुठं गेले? ते दिसायचे, तेव्हा मला कळायचं, या गावाचं काय शोधायचं राहिलंय. आता चौकट भरल्यासारखी दिसते. उद्या काय शोधायचं, ते कळत नाही.”

रिकामे रकाने लपवण्याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता. वाचणाऱ्यासाठी ते चांगलंच होतं. भरणाऱ्याचं मात्र उद्याचं काम त्यात दिसेनासं झालं होतं.

“मग जुनाच साचा परत आणू का?” त्याने विचारलं.

“छे छे, जुना कशाला?” बाई म्हणाल्या. “तो तरी कुठं धड होता? मुलगा मोबाइलवर उघडायचा आणि हसायचा. तुझा चांगला आहे. फक्त मला भरता यावा. आणि एक कर, तो सरपंचाचा रकाना काढून टाक. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, पान बदलायला कुणी येत नाही. खोटं नाव राहण्यापेक्षा नसलेलं बरं.”

संध्याकाळच्या गाडीने तरुण परत आला. त्याने साचा पुन्हा हातात घेतला. रकान्यांची नावं मराठी केली, इंग्रजीही चालतील असं ठेवलं. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे चालतील अशी सोय केली. हेक्टरचा वेगळा रकाना दिला, शंभराने भागायचं काम साच्यावर सोपवलं. सरपंचाचा रकाना काढला. ज्या गावाची लोकसंख्या किंवा क्षेत्रफळ राहिलं असेल, ते गाव ‘माहिती अपूर्ण असलेली गावे’ अशा एका वर्गात आपोआप जमा होईल, असं केलं. वाचणाऱ्याला चौकट नेटकी दिसणार होती आणि भरणाऱ्याला उद्याची यादी मिळणार होती. सगळ्यात शेवटी त्याने साच्याखाली माहितीचं पान लिहिलं, सोप्या मराठीत. त्यात एक कोरी चौकट ठेवली, सगळे रकाने असलेली, उचलून न्यायला तयार.

या वेळी तो आधी चावडीवर गेला नाही. पानांचे इतिहास चाळून त्याने आणखी दोन नावं शोधली. एक भोकरदनचे टपाल खात्यातले गृहस्थ होते. दुसरी अंबडची एक विद्यार्थिनी होती, ती सगळं मोबाइलवरच करायची. त्याने बाईंना आणि या दोघांना एकेक गाव भरायला सांगितलं. विद्यार्थिनीने कळवलं, “दादा, साच्यात लागते ती उभी रेघ मोबाइलच्या कीबोर्डवर सापडतच नाही. पण तुमची कोरी चौकट उचलली, तर रेघ काढावी लागत नाही.” टपालवाल्या काकांनी पिन कोडबद्दल सुचवलं, “गावाचा पिन कोड म्हणजे डाकघराचा पिन कोड. डाकघराचं नाव लिहायला जागा द्या, म्हणजे ताडून बघता येईल.” तरुणाने ती जागा दिली.

मग साचा चावडीवर गेला. या खेपेला शेऱ्यांमध्ये ‘छान’ कमी होतं. बाईंनी मात्र चावडीवर पहिल्यांदाच एक ओळ लिहिली, ‘भरून पाहिला. जमतो.’

दुसऱ्या दिवशी सात वाजून काही मिनिटांनी ‘अलीकडील बदल’मध्ये ते नाव पुन्हा दिसलं. सारांशात लिहिलं होतं: ‘हेक्टर घेतले. आभार.’ त्या आठवड्यात अपूर्ण गावांच्या यादीतून बरीच नावं कमी झाली.

पुढे तरुणाला पुण्यात नोकरी लागली आणि त्याचं रात्रीचं काम सुटलं. साचा चालू राहिला. कधी काही बिघडलं, तर कुणीतरी माहितीचं पान वाचून दुरुस्त करायचं. दुरुस्त करणाऱ्याला तो कुणी बनवला होता, हे ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

१९९५ साली जगातला पहिला विकी उघडला, तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती. वाचणाऱ्यालाच पान सहज दुरुस्त करता यावं. साधन कितीही बदललं, तरी ही सहजता राखावी लागते, आणि ती राहिली की गेली, हे बनवणाऱ्याला आपल्या जागेवरून दिसत नाही. शाळेचा हजेरीपट असो, पतसंस्थेचं खातेपुस्तक असो, की दवाखान्यातला नाव नोंदवायचा कागद असो, सगळीकडे हेच घडतं. नवं आवडलेली माणसं समोर येऊन सांगतात. ज्याचं अडतं, तो बहुधा स्वतःलाच दोष देतो आणि न बोलता बाजूला होतो. त्याची तक्रार कुठेच नोंदली जात नाही. म्हणून नवं काही बसवलं की किती जणांनी छान म्हटलं, एवढ्यावर थांबू नये. रोज येणारं कोण आता येईनासं झालं आहे, ते पाहावं, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसावं.